समोरची

तुमच्या सदरात दर महिन्याला एक पांढऱ्या साडीतली बाई येते. कधी पिंपळाखाली, कधी पुलावर. ती काडेपेटी मागते, मग तिचे पाय उलटे दिसतात, आणि लिहिणारा घरी येऊन तापाने फणफणतो. आमच्याकडे हा अंक येतो, म्हणून मी वाचते. वाचून हसते. एकाच बाईला इतक्या लोकांनी इतक्या वर्षांत ओळखू नये, याचं मात्र नवल वाटतं.

आता त्याच पानावर मला लिहायचं आहे आणि ते मला मुळीच आवडलेलं नाही. पण माझ्या हकिकतीत अंधार नाही, पिंपळ नाही, ताप नाही. भर दिवसा, मुंबईच्या एका ऑफिसात, पंख्याखाली घडलेली गोष्ट आहे. आणि मला स्वतःला काहीच दिसलेलं नाही... ज्यांना किंकाळी हवी असेल त्यांनी पान उलटावं.

आम्ही अमडापूरचे. चिखली तालुक्यातलं मोठं गाव. आबांची शेती बरीच आहे. त्यांनी मला लहानपणीच नागपूरच्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात टाकलं. त्यामुळे मला काटा-चमचा धरता येतो, आणि आमच्याकडची वऱ्हाडी समजते पण तोंडातून निघत नाही. गावात मला शिष्ट समजतात. शिष्ट मी आहेच, पण त्याहून जास्त लाजाळू आहे. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. लोकांना दोन्ही सारखंच दिसतं.

शाळेनंतर तिथेच डिझाइनचा कोर्स केला आणि परत आले. आले तर अकोल्याचं एक स्थळ माझी वाटच पाहत होतं. फोटोत मुलगा मोटारसायकलला टेकून उभा होता. मोटारसायकल चांगली होती.

महाराष्ट्र राज्य झाल्यापासून आमच्याकडे गावोगाव महिला मंडळं निघाली. आमच्या मंडळाला शाळेमागची एक खोली मिळाली होती, आणि तिथे बायका वाकळा शिवत. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर घालून बारीक टाक्यांनी शिवलेलं पांघरूण. मी त्यांना नवी डिझाइनं काढून द्यायला लागले – ग्राफ पेपरवर, रंग भरून. मुंबईचा एक निर्यातवाला असल्या वस्तू परदेशी पाठवतो असं कळलं. त्याला लिहिलं, त्याने सॅम्पल घेऊन बोलावलं. पसंत पडलं तर वर्षभराची ऑर्डर.

आबांनी पत्र वाचलं आणि चष्मा काढला.

“ऑर्डर आनली तं कर तुझं काम. मी मंधात येत नाई. नाई आनली तं अकोल्याले हो म्हनाचं. मंग मले कारनं सांगाची नाई.”

मी मान हलवली. आमच्या घरात माझं बोलणं बहुतेक मानेनेच होतं.

आता सॅम्पलबद्दल सांगायला हवं, कारण पुढे त्याच्यावरच बोट ठेवलं गेलं. वाकळ दोघींनी शिवायची असते. समोरासमोर बसून, एकीने या काठापासून, दुसरीने त्या काठापासून, आणि मधे येऊन भेटायचं. पण ते कापसाच्या वेचणीचे दिवस होते. खोलीत कोणी नव्हतं आणि मुंबईचा दिवस ठरलेला होता. मी एकटीच बसले शिवत. मंडळाचं काम बघणाऱ्या गोकर्णाबाई डब्यात भाकर घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

“काऊन वो ताई, एकट्याच शिवून राह्यल्या?”

“मग काय करू? सगळ्या वेचणीला गेल्या.”

“समोर कोन हाय?”

“कोणी नाही. दिसत नाही का?”

“तेच तं म्हन्ते.”

त्यांनी एका सुईत दोरा ओवला आणि माझ्या समोरच्या रिकाम्या काठाला टोचून ठेवला. ही रीत मला ऐकून माहीत होती. एकटीवर शिवायची वेळ आली तर समोर अशी सुई लावतात. ती ‘समोरची’ची. तिने येऊन बसायचं. काम संपलं की सुई काढायची, “ऊठ बाई, झालं” म्हणून तिला उठवायचं आणि मगच घडी घालायची.

“गोकर्णाबाई, तुम्ही तर बौद्ध दीक्षा घेतलेली. भुतंखेतं मानत नाही म्हणता ना?”

“भूत कोन म्हन्ते? समोरची हाय ते. आमी देव सोडले, शिवनं सोडलं काय?”

मी पुन्हा शिवायला लागले. वाकळ पूर्ण केली, ती सुई काढून डब्यात टाकली आणि घडी घातली. “ऊठ बाई” वगैरे म्हटलं नाही. मला माणसांशी बोलायची सवय नाही, हवेशी कुठून असणार?

वाकळीचं डिझाइन माझं होतं. कडेने जुनी पद्धत, लाल-हिरव्या पट्ट्या, पण मध्यभागी एक मोठा निळा चौकोन, त्यावर एकही तुकडा नाही. सगळी वाकळ शिवण्यातली मजा त्या चौकोनात होती.

मुंबईला दादा बरोबर आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. मला एकटीला पाठवणार कोण? शिवाय त्याला विहिरीवरच्या इंजिनाचा कसलासा पार्ट हवा होता. मलकापूरहून रात्रीची गाडी धरली, सकाळी बोरीबंदरला उतरलो, संध्याकाळच्या गाडीने परत. फोर्टातल्या एका जुन्या इमारतीच्या दाराशी दादाने मला सोडलं.

“वर जा अन् नीट बोल. तोंडात मूग धरू नको. मी पार्ट पाहून येतो.”

पार्ट मिळवण्याची काळजी त्याच्या तोंडावर इतकी होती, की जणू अकोल्याला तोच जाणार होता.

लिफ्ट जाळीच्या दाराची होती. मी आत शिरले. लिफ्टवाला दार ओढेना. बाहेर बघत उभा राहिला आणि म्हणाला, “आइए माँजी, आराम से.” माझ्यामागून कोणी म्हातारी येत असेल, म्हणून मी कोपऱ्यात सरकले. मी अनोळखी माणसांकडे बघत नाही. जमिनीकडे बघते. मग त्याने दार ओढलं आणि आम्ही वर गेलो.

ऑफिसात एक टायपिस्ट बाई होती. तिने मला बसायला सांगितलं आणि शेजारच्या वेताच्या खुर्चीवरची फायलींची चळत उचलली. म्हटलं, मुंबईत खुर्च्या रिकाम्या करून ठेवायची पद्धत असेल. शिपायाने पाण्याचे दोन ग्लास आणले. तेही मी मुंबईच्या खाती टाकलं. ज्या गावात सगळंच जास्त आहे तिथे एक ग्लास जास्त.

मग शेठने आत बोलावलं. बोटाबोटांत अंगठ्या, तोंडात पान, टेबलावर चार देशांचे छोटे झेंडे. परदेशी माणूस खुर्चीत बसला की त्याच्या देशाचा झेंडा पुढे सरकवत असणार.

“आओ, आओ. बैठो. माँजी, इधर पंखे के नीचे.”

तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या डावीकडे बघत होता. मला वाटलं, मुलीच्या तोंडाकडे न बघण्याची त्याच्या घरची रीत असेल... किंवा सवय, ऑफिसातल्या मुलींना भिंतीसारखं वागवायची. मी वाकळ टेबलावर पसरली. त्याने नखाने टाके खरवडून पाहिले, उलटी करून पाहिली, काठ ताणून पाहिला.

“ये बीच में क्या है? कपड़ा कम पड़ा?”

मी एक वाक्य इंग्रजीत पाठ करून गेले होते. मधला भाग डोळ्यांना विसावा मिळावा म्हणून मुद्दाम मोकळा ठेवला आहे. त्यातलं अर्धं बाहेर आलं. त्याने हात वर करून मला थांबवलं आणि डावीकडे कान दिला.

“हां... हां. मैं भी तो वही बोल रहा हूँ.”

माणसं आपल्याच विचारांशी बोलतात. आबाही बोलतात, हिशेबाच्या वेळी. मी वाट बघत राहिले. तो मधेच हसला, मधेच मान हलवली, एकदा म्हणाला, “माँजी, आप कच्छ की तरफ़ की हो क्या? बोली तो मेरी नानी की है.” मला वाटलं, हा मला वेडी समजतोय किंवा स्वतः वेडा आहे. दुसरं जास्त शक्य वाटलं.

चहा आला. मग त्याने ती गोष्ट काढली जिची मला भीती होती.

“किनार मशीन पे मार दो. जल्दी होगा.”

काठ मशीनवर गेला तर खोलीतल्या निम्म्या बायकांचं काम गेलं. काठच त्यांच्या हातचा. मग वाकळ कशाला, रजया शिवाव्यात. मला ‘नाही’ म्हणायचं होतं. मी कपाच्या कानाशी चाळा करत राहिले. मनात म्हटलं, आता दुसरी संधी नाही. बोल, बोल... आणि बोलले नाही.

शेठचा चेहरा एकदम उतरला.

“अच्छा भई, अच्छा! हाथ से. गुस्सा काहे को करती हो?”

मी काही बोलले नव्हते. खोलीत कोणीच काही बोललं नव्हतं. वर पंखा तेवढा कुरकुरत होता.

तेव्हा मी पहिल्यांदा डावीकडे पाहिलं. वेताची खुर्ची. फिकट पिवळी उशी. तिच्यासमोर टेबलाच्या कडेला चहाचा दुसरा कप, आणि त्यातला चहा बशीत ओतलेला. वरून वाफ निघत होती. मी बशीत चहा ओतत नाही. ती सवय शाळेने पहिल्याच वर्षी घालवली.

टायपिस्ट कागद घेऊन आत आली आणि इंग्रजीत हळूच मला म्हणाली, “तुझ्या मावशींना बिनसाखरेचा दिलाय. आल्या आल्याच त्यांनी सांगितलं.”

त्या क्षणी मला एक प्रश्न विचारता आला असता. कोण मावशी? दोन शब्द. पण शेठने अजून हो म्हटलेलं नव्हतं. टेबलाच्या एका बाजूला ऑर्डर होती, दुसऱ्या बाजूला अकोला. मी लाजाळू आहे, मूर्ख नाही. मी टायपिस्टला म्हटलं, “थँक यू.”

थोड्या वेळाने पाहिलं तर बशी रिकामी होती. बशी कोणी उचलताना मी पाहिलं नाही. नजर पूर्ण वेळ तिकडेच होती, असंही म्हणत नाही.

शेठने ऑर्डर दिली. वर्षभराची. काठ हाताने. टायपिस्टला सांगून झाल्यावर त्याने निळ्या चौकोनावर बोट आपटलं.

“ये निकाल दो. माँजी बोलती है, बीच खाली नहीं छोड़ते.”

म्हणजे वाकळीत जे माझं एकटीचं होतं, तेच गेलं. आणि ते काढायला लावलं कोणी, तर जी नव्हतीच तिने.

“और अगली बार इनको साथ लाना,” शेठ म्हणाला. “तुम तो कुछ बोलती नहीं.”

खाली दादा उभा होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला पार्ट काखेत धरून. लिफ्टवाल्याने त्याला सांगितलं, “माँजी को सँभाल के ले जाना, घुटने में दर्द है.”

“कोन माँजी व?” दादा मला म्हणाला. “हा काय म्हनून राह्यला?”

“काही नाही. चल. ऑर्डर मिळाली.”

गाडीत त्याला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्याने, मग म्हणाला, “तू उपाशी गेलती. उपाशीपोटी चहा घेतला का असंच होते.” मी उपाशी असल्यामुळे शेठला बाई दिसली, हे दादाला पटलं होतं. त्याचं इंजिन असंच चालतं.

घरी आईने ऐकताच ती बाई कोण ते ओळखलं. माझ्या मोठ्या आई, आबांच्या वहिनी, मी लहान असताना वारल्या. “त्यायनंच सांभाळलं तुले,” म्हणून आईने दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाने पान वाढलं. मोठ्या आई आयुष्यात खामगावच्या पुढे गेल्या नव्हत्या आणि चहा साखर घालून, वर गूळ चाखत पीत. कच्छी बोलीचं तर सोडूनच द्या. पण पान वाढलं गेलं, गाईला घातलं गेलं, सगळ्यांना बरं वाटलं.

गोकर्णाबाईंनी एकच विचारलं.

“उठवलं होतं का तिले?”

“कोणाला?”

“बस. झालं.”

त्यांनी सॅम्पलची वाकळ पुन्हा खोलीत पसरायला लावली, समोरच्या काठाशी बसल्या आणि अगदी शेजारणीशी बोलावं तसं म्हणाल्या, “ऊठ व माय. लय फिरली. झालं आता.” मी उभी राहून पाहिलं. काही झालं नाही. काय होणार होतं?

“समोरची इथली असेल तर ती शेठच्या नानीची बोली कशी बोलेल?” मी विचारलं.

गोकर्णाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “मंग तुमी कोन्ती बाई घेऊन गेल्त्या?”

ऑर्डर मात्र खरी होती. वेचणी संपली तशी खोली भरली. आबांनी अकोल्याला नकार कळवला – शब्दाचे पक्के आहेत, तेवढं म्हणायला हवं. आईने फोटो परत पाठवला.

पहिला माल तयार झाल्यावर पुन्हा मुंबईला जावं लागलं. शेठने माझ्या डावीकडे पाहिलं, मागे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

“माँजी नहीं आई?”

“त्यांना बरं नाही,” मी म्हणाले. हे मात्र झटकन तोंडातून निघालं.

“तो रंग का उनसे पूछ के बताना.”

मी बरं म्हटलं. परत आले, आठवडाभर काही केलं नाही आणि मग मला हवा तो रंग कळवला – बाईंना पसंत आहे म्हणून. शेठने मुकाट्याने मान्य केला. असं मग चालूच राहिलं. जे मी सांगितलं असतं तर त्याने पान चघळत नाकारलं असतं, तेच बाईंच्या नावावर तो डोळे मिटून घेई. नसलेल्या बाईचं ऐकतो आणि समोर बसलेल्या मुलीचं ऐकत नाही. मला त्याचा इतका तिटकारा आला होता की त्यातही एक मजा वाटू लागली. बाईंचे गुडघे दुखत, बाईंना खोकला होई, बाईंच्या भाचीचं लग्न निघे. मी तिला चांगली नांदती ठेवली होती.

मागच्या महिन्यात मी एक नवं डिझाइन घेऊन गेले. लाल नाही, हिरवा नाही. पूर्ण वाकळ पांढऱ्यावर पांढरी, फक्त टाक्यांच्या रेघा. इतकं चांगलं मी आजवर काही केलेलं नाही. ते पास झालं तर ऑर्डर पुढच्या वर्षीही चालू, नाही तर शेठ म्हणाला होताच, जुना माल आता परदेशात उठत नाही. मी वाकळ पसरली.

“माँजींना फार आवडलं आहे,” मी म्हणाले.

शेठने टायपिस्टकडे पाहिलं. टायपिस्टने माझ्याकडे.

“कब बोला उन्होंने?”

“काल. निघताना.”

“कल तो वो इधर बैठी थी,” शेठ म्हणाला.

मी हसायला हवं होतं. टायपिस्ट इंग्रजीत म्हणाली, “दुपारी आल्या होत्या. याच खुर्चीवर. मी म्हटलं, मुलगी कुठे? तर म्हणाल्या, येईल उद्या.” मी त्या दिवशी येणार हे ऑफिसात कोणाला कळवलेलं नव्हतं. दादाला मुंबईत बैलगाडीच्या चाकांसाठी लोखंडी धावा बघायच्या होत्या, म्हणून आम्ही अचानक निघालो होतो.

“और ये भी बोली,” शेठ म्हणाला, “कि लड़की का हाथ अच्छा है, लेकिन मेरे नाम से झूठ बोलती है.”

माझे कान तापले. भीतीने नाही. असल्या माणसासमोर उघडं पडल्याच्या लाजेने.

“डिझाइन किसका है?” त्याने विचारलं.

आता खाली बघून चालणार नव्हतं. पळवाट म्हणून जिला उभी केली, तिनेच येऊन वाट बुजवली होती.

“माझं आहे,” मी म्हणाले. “मेरा. पूरा मेरा है. और बीच में कुछ नहीं आएगा.”

इतकं सलग मी त्या खोलीत कधी बोलले नव्हते. शेठने माझ्याकडे पाहिलं नाही. डावीकडे पाहिलं आणि वाट बघितली.

“बोलिए, माँजी.”

पंखा फिरत होता. टायपिस्टही त्या खुर्चीकडे बघत होती, बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी. मीही पाहिलं. वेत, पिवळी उशी, उशीला पडलेली एक सुरकुती.

“आज चुप है,” शेठ टायपिस्टला म्हणाला, आणि ऑर्डरवर सही केली.

आता कोणी तरी याचा अर्थ लावणारच. आईने लावला आहे, गोकर्णाबाईंनी लावला आहे. दादा म्हणतो, शेठ अन् टायपिस्ट मिळून पोरीची मस्करी करतात. मग लिफ्टवाला? मग बशी? मुंबईचे तीन लोक अमडापूरच्या एका मुलीसाठी इतकी मेहनत घेतील, असं मानायला माझ्यापेक्षा जास्त आत्मविश्वास लागतो. वाचकांनी आपापले अर्थ जरूर लावावेत, फक्त मला कळवू नयेत. माझ्याकडे खुलासा नाही आणि तो मिळेल असंही वाटत नाही.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ती माझ्या शेजारी बसते, मी बोललेलं आणि न बोललेलं सगळं ऐकते, माझ्याबद्दल मत बनवते. आणि ते मत मला एका पान चघळणाऱ्या निर्यातवाल्याच्या तोंडून ऐकावं लागतं.